कुत्र्याचें भुंकणें: घरीं व प्रवासांत

शेतकऱ्याच्या बैलाविषयीं, गाईम्हशींविषयीं व शेळ्यामेंढ्यांविषयीं शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याविषयीं क्वचितच कोणी चार ओळी लिहितो. शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर तो घराची, खळ्याची व गुरांची राखण करितो. पगार मागत नाहीं. म्हणूनच कीं काय, त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. त्याचें बोलणें म्हणजे त्याचें भुंकणें. या भुंकण्याविषयीं आम्हांस जें थोडेंबहुत कळलें आहे तें शेतकरी बंधूंपुढें ठेवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही अलीकडेच सेवानिवृत्त झालों. नोकरीचा पुष्कळ काळ मावळ तालुक्यांत गेला. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत पंचनामे व पाहण्या यांनिमित्त वरिष्ठांबरोबर आम्हांस हिंडावें लागे. कोणत्याहि वाडीवर गेलों तरी आमचें पहिलें स्वागत कुत्र्यानें केलें, आणि पाण्याचा तांब्या मागाहून आला. कचेरींत आम्ही एक गोष्ट शिकलों कीं, अर्ज कितीहि वेड्यावांकड्या अक्षरांत असला तरी तो वाचल्यावांचून दप्तरीं दाखल करूं नये. कुत्र्याचें भुंकणें हाहि एक अर्जच आहे. तो न वाचतां फेटाळला तर काय होतें, हें आम्हीं एकदां पाहिलें आहे. तें पुढें यथाक्रम सांगूं.

भुंकण्याचे प्रकार

लांडगा व कुत्रा हे एकाच कुळांतील प्राणी. परंतु मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. माणसाच्या सोबतीनें हजारों वर्षें राहिल्यावर कुत्र्यास इतकें भुंकण्याची संवय जडली, असें जाणत्यांचें मत आहे. हंगेरी देशांत बुडापेस्ट येथील विद्यापीठांतल्या संशोधकांनीं मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचें निरनिराळ्या प्रसंगींचें भुंकणें ध्वनिमुद्रित करून लोकांस ऐकविलें, आणि कुत्रा कोणत्या प्रसंगीं भुंकत असेल असें विचारिलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखावरून असें दिसतें कीं, ज्यांनीं कधींहि कुत्रा पाळला नव्हता अशांनाहि केवळ अंदाजानें जमेल त्याहून पुष्कळ अधिक वेळां तें बरोबर ओळखतां आलें. मग ज्याच्या अंगणांत तो लहानाचा मोठा झाला, त्यास ओळखतां येणार नाहीं काय? फक्त कान देण्याची तयारी पाहिजे.

परका मनुष्य आला असतां कुत्रा भरभर व खणखणीत भुंकतो, पुढें धांवतो, थोडा मागें येतो व घराकडे वळून पाहतो. धनी बाहेर आला व त्यानें पाहुण्याशीं दोन शब्द बोलले कीं तो बहुधा निवतो. दुसरा प्रकार एकटेपणाचा. दिवसभर साखळीनें बांधलेला कुत्रा एकाच सुरांत, थांबून थांबून, कोणाकडेहि न पाहतां भुंकत राहतो. हें राखण करणें नव्हे. ती त्याची फिर्याद आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें नेहमीं बांधून ठेवलेल्या कुत्र्यास मोकळें फिरविण्याची हयगय करणें हा अपराध मानलेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

तिसरा प्रकार विव्हळण्याचा, ज्यास आपण कुत्रें रडणें असें म्हणतों. कुत्रें रडलें कीं घरांत मरण येतें, अशी समजूत खेड्यांत आहे. वस्तुतः दूरच्या सोबत्यास हांक देण्याची ती त्याची जुनी रीति आहे. लोणावळ्यास घाट चढून आलेल्या गाडीचा भोंगा वाजला कीं रुळांलगतचीं कुत्रीं मान वर करून तसाच सूर लावतात. त्यामुळें कोणी मरत असतें, तर लोणावळ्यांत माणूस उरला नसता. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो; कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा येतो. तेव्हां आपणांस जें ऐकूं येत नाहीं त्यास तो उत्तर देत असला, तर त्यांत अशुभ मानण्याचें कारण नाहीं. भाद्रपदांतील रात्रींच्या ओरड्याचें कारण तर सर्वांस माहीत आहे.

बिबट्याची चाहूल

चौथा प्रकार मावळांतील शेतकऱ्यानें विशेष ओळखावा. वाघराची चाहूल लागली असतां कुत्रा पुढें धांवत नाहीं. तो तुटक व दबक्या आवाजांत भुंकतो, शेपूट पायांत घालतो, आणि भुंकतां भुंकतां दाराकडे किंवा गोठ्याकडे मागें सरतो. कधीं कधीं सारी वाडी भुंकून एकाएकीं गप्प होते. हें गप्प होणें भुंकण्यापेक्षांहि अधिक सांगून जातें. अशा वेळीं दार उघडून अंधारांत वांकून पाहूं नये. आंतूनच मोठ्यानें बोलावें, थाळी वाजवावी व उजेड करावा.

बिबट्या गुरांसाठीं गांवांत येतो असें आपण समजतों. परंतु त्याचें मोठें भक्ष्य कुत्राच आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकोले तालुक्यांत बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली. त्यांत असें आढळलें कीं, त्याच्या खाण्यापैकीं वजनानें सुमारें ८७ टक्के भाग पाळीव व गांवांत राहणाऱ्या जनावरांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा भाग सुमारें ३९ टक्के होता. हा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. अकोलें आपल्यापासून फार दूर नाहीं, आणि तेथील ऊस व येथील डोंगर एवढाच काय तो भेद आहे.

यावरून शेतकऱ्यानें घेण्याचा बोध असा कीं, रात्रीं कुत्रा अंगणांत साखळीनें बांधून ठेवणें म्हणजे दारांत आमिष ठेवणें होय. मोकळा कुत्रा पळून तरी जाईल. बांधलेला भुंकून बिबट्यास आपली जागा मात्र सांगेल. रात्रीं त्यास गोठ्यांत किंवा पडवींत घेऊन दार लावावें. आंतून भुंकलेलें बाहेर ऐकूं येतेंच. हिमालयांतील मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यांत लोखंडी कांट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या प्रथम गळाच धरतो. उरलेलें अन्न व मेलेल्या कोंबड्या घराजवळ टाकूं नयेत. त्यावर मोकाट कुत्रीं जमतात, व कुत्र्यांमागें बिबट्या येतो. गुरें मारलीं गेल्यास कलेवर हलवूं नये व विलंब न करितां वनखात्यास कळवावें. पंचनामा झाल्यावांचून भरपाई मिळत नाहीं, आणि उशीर झालेल्या पंचनाम्यास अर्थ राहत नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

प्रवासी व त्यांचीं कुत्रीं

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली व पुढें खंडाळें-लोणावळें हीं हवा खाण्याचीं ठिकाणें झालीं. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबई-पुण्याचे लोक शनिवार-रविवारीं मोटारींतून आपलीं कुत्रींहि घेऊन येतात. भाड्याच्या बंगल्यांत कुत्र्यास कोंडून मंडळी भुशी धरणावर किंवा कार्ल्यास जातात, आणि तो नवख्या जागीं दिवसभर ओरडत राहतो. शेजारच्या आजारी माणसास तो त्रास, व कुत्र्याचे तर हालच. त्यास त्याचें नेहमींचें अंथरूण द्यावें, आल्याबरोबर घराभोंवतीं फिरवून आणावें, व पहिल्या रात्रीं एकटें सोडूं नये, म्हणजे बहुतेक भुंकणें थांबतें. घाट चढण्यापूर्वीं त्यास पोटभर खाऊं घालूं नये, पाणी द्यावें. उन्हांत बंद मोटारींत ठेवणें हें तर त्याच्या जिवावर बेततें.

आगगाडीनें कुत्रा न्यावयाचा असल्यास पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार शायिकांचा पूर्ण कक्ष आपल्या नांवें राखून ठेवावा लागतो, नाहीं तर रीतसर नोंदणी करून त्यास गार्डाच्या डब्यांतील पेटींत ठेवावें लागतें. शयनयानांत अथवा वातानुकूलित दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांत नेण्यास मनाई आहे.

आतां पायीं हिंडणाऱ्यांविषयीं. लोहगड, विसापूर व राजमाचीकडे जाणारी तरुण मंडळी पहांटे वाड्यांतून जातात व कुत्रीं अंगावर आलीं कीं पळूं लागतात. पळणाऱ्याच्या मागें लागणें हा कुत्र्याचा स्वभावच आहे. उभें राहावें, डोळ्यास डोळा देऊं नये, काठी असल्यास ती आपल्या व त्याच्या मध्यें खालीं धरावी, आणि हळूहळू बाजूस सरावें. वस्तीवर शिरण्यापूर्वीं दुरूनच हांक द्यावी. धनी बाहेर येतो व काम सोपें होतें. दुचाकीवाल्यानें वेग वाढवूं नये, कमी करावा. भुंकणारें कुत्रें चावत नाहीं, ही म्हण आपल्याकडे फार चालते. आमच्या पोटरीवर तिचें खंडन करणारा व्रण आहे.

धन्यावरहि जबाबदारी आहे. आपल्या जनावरापासून माणसास इजा होऊं नये म्हणून जरूर ती काळजी न घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणें अपराध आहे. त्याचप्रमाणें, त्रास देतात म्हणून गांवच्या कुत्र्यांस विष घालणें हाहि अपराधच आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणें त्यांची नसबंदी करून व लस टोंचून त्यांस त्याच जागीं सोडावयाचें असतें.

बसलेला आवाज

येथवर सांगितलें तें उपयोगाचें असलें तरी ज्यासाठीं लेखणी हातीं घेतली तें अजून राहिलें आहे.

१९९१ सालच्या पावसाळ्यांत नाणे मावळांतील एका वाडीवर पडक्या घरांचे पंचनामे करण्यास आम्ही वरिष्ठांबरोबर गेलों होतों. ओढ्यास पूर आल्यामुळें परत येतां येईना. एका शेतकऱ्यानें आग्रहानें आपल्या घरीं ठेवून घेतलें. घरांत तो, त्याची आई, बायको व दोन लहान मुलगे. अंगणांत काळ्या नांवाचा कुत्रा होता. संध्याकाळपासून तो कोणी आलेलें नसतां भुंकत होता, आणि आवाज असा कीं, जणूं घशांत चिंधी कोंबली आहे. म्हातारी म्हणाली, "काळ्याचा आवाज बसलाय बघा, भाऊसाहेब. कालपास्नं भाकरीला तोंड न्हाई लावलं. हाडूक आडाकलं असंल." आम्हीं मान हलविली. दिवसभर चिखल तुडवून अंग आंबलें होतें.

मध्यरात्रीं तोच घोगरा आवाज सुरू झाला. आम्हीं आंतूनच धन्यास म्हटलें, "अहो, त्या कुत्र्यास कसेंहि करून गप्प करा, झोंप नाहीं." तो बिचारा उठला. पाहुण्याची झोंपमोड होते याची त्यास लाज वाटली. कंदील घेऊन तो बाहेर गेला, कुत्र्याचा जबडा उघडून हाडूक शोधण्यासाठीं त्यानें आंत बोटें घातलीं, आणि दांत लागून हातास ओरखडा आला. हाडूक नव्हतेंच. त्यानें जखमेवर हळद व चुना लावला व आंत येऊन आमचीच क्षमा मागितली.

सकाळीं वरिष्ठांनीं त्यास दवाखान्यांत जाण्यास सांगितलें. त्या काळीं सरकारी दवाखान्यांत मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस पोटांत टोंचीत, व ती चवदा दिवसांपर्यंत घ्यावी लागे. तिची लोकांस मोठी धास्ती असे. तो म्हणाला, "लावणी उरकूं द्या, मग जाईन." मावळांत लावणीचे दिवस म्हणजे काय, हें वाचकांस सांगणें नको. आम्ही पूर ओसरतांच निघून आलों. कुत्रा तीन दिवसांनीं मेला, असें मागाहून समजलें.

दिवाळीनंतर वारस नोंदींचीं प्रकरणें आमच्या मेजावर आलीं. त्यांत एक नांव वाचून हात थांबला. मयत खातेदाराचे वारस: पत्नी, आई व दोन अज्ञान मुलगे. फेरफारांत मृत्यूचें कारण लिहीत नाहींत. तें तलाठ्यानें तोंडीं सांगितलें. पाण्याचा पेला तोंडाजवळ नेला कीं तो किंचाळत असे. तिसऱ्या दिवशीं सर्व आटोपलें. तें प्रकरण आम्हीं आमच्या हातानें पुढें पाठविलें.

कुत्र्यास पिसाळ झाली म्हणजे कंठाच्या स्नायूंस लकवा होतो, व म्हणून त्याचा आवाज बदलतो, तो घोगरा किंवा चिरका होतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, व खाणें गिळवत नाहीं. त्यामुळें घशांत कांहीं अडकल्यासारखें दिसतें. हीच ती फसवणूक आहे. काळ्या त्या रात्रीं आम्हांस स्वतःच्या तोंडानें सांगत होता, व आम्हांस फक्त आमची झोंप दिसली. ती तक्रार आम्हीं केली नसती तर तो मनुष्य त्या वेळीं कुत्र्याजवळ गेला नसता, हें आम्ही आजवर विसरलों नाहीं.

काय करावें

ओळखीच्या कुत्र्याचा आवाज एकाएकीं बदलला, तो विनाकारण भुंकूं लागला अथवा काळोखांत तोंड लपवून बसला, तर त्याच्या तोंडांत हात घालूं नये. दुरूनच त्यास कोंडावें व पशुवैद्यास बोलवावें. गाईबैलांसहि ही व्याधि होते. चावा झालेलें जनावर कांहीं आठवड्यांनीं घोगरें हंबरूं लागलें, लाळ गाळूं लागलें, कुंथूं लागलें, तर घशांत चाऱ्याची गुठळी अडकली असें समजून पुष्कळ शेतकरी कोपरापर्यंत हात घालतात. तसें मुळींच करूं नये. व त्याचें दूधहि वापरूं नये.

कुत्र्याचा चावा, ओरखडा, किंवा जखमेवर लाळ लागली असतां ती जागा साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट, मंत्र व अंगारे यांचा कांहीं उपयोग नाहीं. लगोलग सरकारी दवाखान्यांत जावें. १८८५ सालीं फ्रान्समध्यें पाश्चर यांनीं पहिल्या मुलास लस टोंचली. आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें लस देणारी संस्था निघाली. मेंढीच्या मेंदूची ती जुनी लस २००४ सालाच्या अखेरीस आपल्याकडे बंद झाली. आतां लस दंडांतच देतात: पहिल्या दिवशीं, व तेथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं कातडींत, स्नायूंत देणें झाल्यास चवदाव्या दिवशींहि. रक्त आलेली जखम असल्यास तिच्याभोंवतीं निराळें औषधहि टोंचावें लागतें, तें मागून घ्यावें. लक्षणें दिसूं लागल्यावर मात्र उपाय जवळजवळ नाहींच. म्हणून लावणी, मळणी, लग्न, यांपैकीं कशासाठींहि थांबूं नये.

मूळ उपाय कुत्र्यास लस टोंचणें हा होय. पिल्लू तीन महिन्यांचें झालें म्हणजे पहिली, व नंतर दरवर्षीं एक. गांवांतील शंभरांपैकीं सत्तर कुत्र्यांस लस दिली असतां रोगाची सांखळी तुटते, असा अनुभव आहे. शेजारच्या गोव्यांत २०१४ सालापासून अशी मोहीम नेटानें चालविली. त्या वर्षीं तेथें १७ माणसें या रोगानें दगावलीं होतीं, परंतु २०१८ व २०१९ या दोन वर्षांत एकहि दगावलें नाहीं. गोव्यास जें साधलें तें मावळास कां साधूं नये?

सेवानिवृत्तीपूर्वीं आम्ही त्या वाडीवर मुद्दाम जाऊन आलों. म्हातारी कधींच गेली होती. थोरला मुलगा आतां इंद्रायणी भात करितो. अंगणांत एक तांबडा कुत्रा आमच्यावर खणखणीत भुंकला. मुलानें त्यास "मोत्या, गप!" म्हणून दटाविलें, आम्हीं म्हटलें, "भुंकूं द्या, आवाज चांगला आहे." चहा झाल्यावर त्यानें सातबाऱ्याचे उतारे ठेवण्याची पिशवी काढून एक कागद दाखविला. तो मोत्याच्या लसीचा होता, व त्यावर त्याच वर्षाची तारीख होती. आम्ही कोण, हें आम्हीं त्यास त्या दिवशीं सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग निघतांना वाटेपर्यंत पोंचवावयास आला.

संघाच्या सभासदांस आमची विनंति आहे कीं, प्रत्येक गांवच्या मंडळानें पाळीव व मोकाट कुत्र्यांची यादी करून ती पशुवैद्यकीय दवाखान्याकडे अगाऊ पाठवावी, व २८ सप्टेंबरचा दिवस लस टोंचण्यासाठीं ठरवून घ्यावा. पाश्चर यांची ती पुण्यतिथि असून त्या दिवशीं सर्व जगांत या रोगाविरुद्ध काम चालतें. आपल्याकडेहि तेव्हां पाऊस ओसरूं लागलेला असतो, लावणी कधींच झालेली असते, व कापणीस अजून अवकाश असतो. यादी करण्यास एक वही व एक संध्याकाळ पुरते. कोणा मंडळास लिहिणारा मनुष्य पाहिजे असल्यास त्यांनीं आम्हांस कळवावें. ती कारकुनी आम्ही आनंदानें करूं.